सातवीतल्या मुलीला घरबसल्या, फुकटात कोडिंग शिकवायचं तर कुठून सुरुवात करावी?

थेट स्क्रॅचपासून. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 साली आणलेलं हे साधन 8 ते 16 वयाच्या मुलांसाठीच बनवलंय आणि पूर्ण मोफत आहे. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं; त्यामुळे स्वल्पविराम चुकला म्हणून प्रोग्राम अडला, असं होत नाही. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं), अट, व्हेरिएबल (बदलती माहिती साठवायची जागा) या कल्पना मात्र खऱ्याच शिकल्या जातात. ऑफलाइन आवृत्तीही आहे, म्हणजे नेट सारखं लागत नाही.

माझा आग्रह एवढाच: तिला नुसते व्हिडिओ बघायला बसवू नका. दुसऱ्याने केलेला खेळ उघडून त्यातला वेग, गुण मोजण्याची पद्धत बदलून बघू दे. स्क्रॅचवर प्रत्येक शेअर केलेल्या प्रकल्पाचा कोड आत जाऊन पाहता येतो, आणि खरं शिक्षण तिथेच होतं.

क्रमवार धडे हवे असतील तर कोड डॉट ऑर्ग किंवा खान अकॅडमी या वेबसाइट, दोन्ही मोफत. ठोकळे अपुरे पडायला लागले की पायथॉन, म्हणजे कोड टाइप करून लिहायची भाषा. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस50 हा संगणकशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम उत्तम आहे, पण तो दहावीनंतर बघा. आत्ता जड जाईल. महागड्या क्लासची घाई तर अजिबात नको.