अति खाण्याच्या झटक्यांवर टीएमएस घ्यावे का?

बिंज ईटिंगसाठी, म्हणजे अति खाण्याच्या झटक्यांसाठी, टीएमएसचा (डोक्यावरून मेंदूला चुंबकीय स्पंदने देण्याच्या उपचाराचा) कोर्स घ्यावा का आणि त्याने हा त्रास कायमचा जाईल का, असे तुम्ही विचारले आहे. केवळ याच त्रासासाठी आज त्यावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नैराश्यासाठी या उपचाराला अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने २००८ मध्येच मान्यता दिली, बिंज ईटिंगसाठी मात्र ती नाही. आवेग आवरणाऱ्या, कपाळामागच्या डाव्या भागाला चुंबकीय स्पंदने द्यायची, ही कल्पना सयुक्तिक आहे. पण बुलिमियाच्या (झटक्यात अति खाऊन मग उलटी किंवा उपासाने ते भरून काढण्याच्या आजाराच्या) रुग्णांवरील फ्रान्समधल्या चाचणीत (२०१६) खऱ्या आणि लुटुपुटुच्या उपचारांत फरक दिसला नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीने टीएमएस घेतले, ते औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी. रात्री सगळे झोपल्यावर ती दिवा न लावता, ओट्यापाशी उभी राहून चिवडा, गार पोळ्या, साखर, जे हाताला लागेल ते पोट दुखेपर्यंत खात असे आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून कडकडीत उपाशी राहत असे. त्या उपासानेच पुढच्या रात्रीचा झटका ओढवत होता, हे घरात कोणी मानायला तयार नव्हते. आमचा दादा तर याला वर्षानुवर्षे जिभेचे चोचले म्हणत आला.

पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावर स्पंदने देणारी कॉइल ठेवून, उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडेपर्यंत मात्रा वाढवत नेली आणि त्यावरून तिच्यापुरती तीव्रता ठरवली. कोर्स संपेपर्यंत तिचे मन खरोखरच उभारी धरू लागले. त्याच काळात ती मानसशास्त्रज्ञांकडे सीबीटीही (विचार आणि सवयी बदलण्याचा, संवादातून होणारा मानसोपचार) घेत होती : काय खाल्ले, किती वाजता, तेव्हा मनात काय होते, हे सारे वहीत लिहायचे, आणि रात्री झटका येऊन गेला तरी सकाळची न्याहारी चुकवायची नाही. भूक नसताना, स्वतःची शिसारी आलेली असताना पोह्यांची बशी समोर घेऊन बसणे किती अवघड असते, ते मी पाहिले आहे. झटके कमी झाले ते या शिस्तीने, हळूहळू. आता दादा सर्वांना सांगतो की मशीनने ती बरी झाली. आधी दोष तिचा होता आणि आता श्रेय यंत्राचे, हे मला मुळीच मान्य नाही.

म्हणून आधी सीबीटी घ्या. सोबत नैराश्य असेल, तर टीएमएसविषयी मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य विचारा. मात्र अपस्माराचा इतिहास किंवा डोक्यात धातूचे रोपण असल्यास ते पहिल्याच भेटीत सांगा. वजन उतरवण्याचे पॅकेज म्हणून कोणी टीएमएस विकत असेल, तर तिथून उठून या. आणि घरात आमच्या दादासारखे कोणी असेल, तर त्यांना एकदा डॉक्टरांसमोर बसवा, म्हणजे हा आजार आहे हे त्यांना तुमच्याऐवजी डॉक्टर सांगतील.