पार्सलमधून भलतंच निघालं, आता काय करायचं?

प्रश्न : ताई, आम्ही कुडाळजवळ राहतो. एका मोठ्या शॉपिंग ॲपवरून सेलमध्ये मिक्सर मागवला, साडेतीन हजाराचा. बॉक्स उघडला तर भांड्याला तडा आणि मोटर चालू केली की जळका वास. रिटर्न टाकायला गेलो तर 'या वस्तूवर रिटर्न नाही' असं दाखवतंय. कस्टमर केअरवाले म्हणतात आम्ही फक्त प्लॅटफॉर्म, सेलरशी बोला, आणि सेलर फोनच उचलत नाही. एवढ्यासाठी कोर्टात कोण जाणार?

उत्तर : ॲपवर 'नो रिटर्न' लिहिलंय म्हणजे विषय संपला, हे आधी मनातून काढून टाका. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, त्यात सरळ म्हटलंय की वस्तू खराब निघाली, बनावट निघाली किंवा जाहिरातीत सांगितली तशी नसली तर सेलरला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. हां, रंगच आवडला नाही, आता नकोच वाटतंय, अशा कारणाला या नियमाचा आधार नाही, तिथं कंपनीची पॉलिसी म्हणेल ते. तुमचं तसं नाहीये, तुम्हाला खराब माल पाठवलाय.

आणि 'आम्ही फक्त प्लॅटफॉर्म' ऐकून गप्प बसू नका. प्रत्येक ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर द्यावा लागतो (बहुतेक वेळा पार तळाशी बारीक अक्षरात असतो, पण शोधाच), त्यानं ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात निकाली काढायची असा नियम आहे. त्याला मेल करा, फोन नको, कारण फोनवर काय ठरलं ते नंतर कुणी मान्य करत नाही. मेलमध्ये ऑर्डर नंबर, बिल, तड्याचे फोटो, मोटर चालू केल्याचा व्हिडिओ, बॉक्सवरच्या लेबलचा फोटो, कस्टमर केअरच्या चॅटचे स्क्रीनशॉट सगळं जोडा. सेलरचं नाव-पत्ता दाखवणंही ॲपला बंधनकारक आहे, तो टिपून ठेवा. आणि मिक्सर परत लावून बघू नका आता.

तिथं दाद लागली नाही तर १९१५ वर फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. त्यानंतरही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तो तुमच्याच जिल्ह्यातला, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की गुरगावला, कारण ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करायची सोय २०१९ च्या कायद्यात आलीये. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील घ्यायलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाईन भरता येते, मुदत दोन वर्षांची. झालेल्या त्रासाची भरपाई पण मागा. 'एवढ्यासाठी कोण जाणार' याच हिशोबावर असले सेलर जगतात, मला याचा फार राग येतो, म्हणून सांगते, जा.

प्रश्न : ऑर्डर करताना शेवटच्या पानावर काहीतरी इन्शुरन्स नाहीतर देणगी आपोआप ॲड झालेली असते. हे चालतं का?

उत्तर : नाही चालत. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे तुमची संमती धरता येत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा १३ फसव्या प्रकारांवर बंदी आणली, त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. न विचारता कार्टमध्ये वस्तू घुसवणं त्यातच येतं आणि 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई लावणंही. स्क्रीनशॉट काढा, टिक काढा, वर दिलेल्या १९१५ वर कळवा.

प्रश्न (नाव छापू नये) : सोशल मीडियावर जाहिरात बघून 'प्युअर सिल्क येवला पैठणी' मागवली, यूपीआयनं पूर्ण पैसे आधी भरले. आली ती साधी चकचकीत साडी. मेसेज केला तर त्यांनी मला ब्लॉकच केलं. घरी अजून सांगितलं नाहीये, खूप लाज वाटते.

उत्तर : लाज त्यांना वाटली पाहिजे, तुम्हाला नाही. घरी सांगा, आजच, आणि १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे, पैसे पुढच्या खात्यात वळायच्या आत कळवलं तर गोठवता येतात, म्हणून इथं तासातासाला महत्त्व. सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर पण तक्रार भरा, बँकेला यूपीआयचा व्यवहार क्रमांक द्या. आशा किती ठेवायची ते स्पष्टच सांगते, पिन टाकून स्वतः पाठवलेले पैसे परत मिळणं अवघड जातं, बरेच दिवस झाले असतील तर जास्तच. तरी तक्रार कराच, त्याच खात्यावर दुसऱ्या बायकांच्याही तक्रारी असू शकतात.

पुढच्या वेळेसाठी. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघायचा, नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, मशीनच्या साडीला मागं सुटे धागे लोंबत असतात नाहीतर कापलेले असतात. म्हणून व्हिडिओ कॉलवर पदराची मागची बाजू दाखवा म्हणायचं, जो दाखवत नाही त्याच्याकडून घ्यायची नाही. सिल्क मार्कचं लेबल मागायचं, ते रेशमाच्या शुद्धतेचं असतं, हातमागाचा हँडलूम मार्क वेगळा. आणि किमतीचा विचार करा ना, एक पैठणी विणायला कित्येक आठवडे जातात, भरगच्च पदराची असेल तर महिनेच्या महिने, ती दीड हजारात कशी देतील? येवल्याचे खरे विणकर पण आता ऑनलाईन विकतात, आपल्यासारख्यांना घरबसल्या थेट त्यांच्याकडून घेता येतं ही केवढी चांगली गोष्ट आहे, आणि हे चोर त्यांच्याच नावावर नकली माल खपवतात, त्यात विणकराचं पण नुकसान होतं.

प्रश्न : माझे बाबा ७४ वर्षांचे, लातूरला आई आणि ते दोघंच. आई अंथरुणाला खिळलेली. तिचे डायपर, बेडसोअरची गादी सगळं ते मोबाईलवरून मागवतात. मी पुण्यात असतो, मला भीती वाटते, त्यांचं ॲप बंद करून टाकू का?

उत्तर : अजिबात नको. आईंना एकटं सोडून त्यांना दुकानं हिंडायला लागत नाहीत, डायपरचा गठ्ठा जिना चढून आणावा लागत नाही, हे त्यांच्यासाठी किती मोठं आहे बघा. त्यापेक्षा त्यांचं यूपीआय एका वेगळ्या खात्याला जोडा, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा, पेन्शनचं खातं त्यापासून लांब. 'पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरा' असा मेसेज पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या नावानं आला तर लिंक उघडायची नाही, ॲपमध्ये जाऊन ऑर्डर बघायची. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे त्यांना दोनतीनदा सांगा. डिलिव्हरीचा ओटीपी फोनवर द्यायचा नाही, माणूस दारात आला, पुडकं हातात पडलं की मगच. आणि न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल आलं, 'मुलानं मागवलंय' म्हणाले, तर आधी तुम्हाला फोन करून विचारायचं, तोवर पैसे नाहीत. डायपरची ऑर्डर तुम्हीच पुण्यातून लावून देत जा हवं तर, पत्ता लातूरचा टाकायचा, बाबांचं तेवढंच एक काम कमी होईल.