पत्ता बदलला की ऑफिसचं दार बंद!

प्रश्न : मी ऑफिसच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर घरून रिमोट डेस्कटॉपने काम करते. फायरवॉलमध्ये फक्त माझ्या घरच्या आयपी ॲड्रेसला परवानगी आहे. राउटर बंद-चालू झाला की तो बदलतो आणि मी बाहेर. मालक म्हणतात, पोर्ट सगळ्यांसाठी उघडून टाकू, पासवर्ड आहेच. चालेल का?

उत्तर : नाही. कृपा करून उघडू नका. एका ठिकाणी मी ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, ‘दोनच दिवस’ म्हणून उघडला होता. तिसऱ्या दिवशी लॉग पाहिला, तर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाने फसलेल्या लॉगिनच्या नोंदी संपता संपेनात. शिवाय २०१९ मध्ये जुन्या विंडोजमध्ये सापडलेल्या ‘ब्लूकीप’ या दोषाला पासवर्डचीही गरज नव्हती.

तुमची सध्याची सोयही मला पटत नाही. तुमचा कालचा ॲड्रेस आज इंटरनेट कंपनीच्या दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. जुना नियम काढायचा राहिला, तर तो थेट तुमच्या दारात.

ऑफिसच्या राउटरवर वायरगार्ड नावाचा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतचा खासगी, कुलूपबंद रस्ता, बसवून घ्या. तो माणूस ओळखतो डिजिटल किल्लीवरून, त्यामुळे तुमच्या घरचा ॲड्रेस दिवसातून दहा वेळा बदलला तरी काही अडत नाही. प्रत्येक लॅपटॉपला वेगळी किल्ली द्या. एखादा हरवला तर तेवढीच रद्द करता येते. विंडोजच्या लॉगिनला मोबाइलवरच्या कोडची जोड हवीच.

ऑफिसचाही ॲड्रेस बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएसचं नाव घ्या, म्हणजे ॲड्रेस बदलला तरी नव्या ॲड्रेसकडे बोट दाखवणारं कायमचं नाव. एक गोष्ट मात्र मला बराच वेळ छळून गेली होती : वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होताना शोधतो. मध्येच ऑफिसचा ॲड्रेस बदलला, तर व्हीपीएन एकदा बंद करून चालू करा.

हे सगळं करण्याआधी ऑफिसच्या राउटरचा वॅन ॲड्रेस, म्हणजे त्याला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला ॲड्रेस, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर एकच बाहेरचा ॲड्रेस अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे डायनॅमिक डीएनएसचा उपयोग नाही. इंटरनेट कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक ॲड्रेस मागा.

व्हीपीएन चालला की राउटरमधलं ३३८९ चं फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी थेट कॉम्प्युटरकडे पाठवणारा नियम, काढून टाका. मग मोबाइल डेटावरून, व्हीपीएन बंद ठेवून, रिमोट डेस्कटॉप जोडून पाहा. जोडला गेला, तर काम अजून संपलेलं नाही.