माझा १४ वर्षांचा मुलगा ‘अंगाने लहान’ म्हणून फुटबॉल अकादमीच्या संघात बेंचवर बसतो. अकादमी बदलावी का?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य टोचलं: “सर म्हणतात, खेळ चांगला आहे, पण अंगात काही नाही.” हेच वाक्य मी कोल्हापुरात एका मुलाबद्दल ऐकलं होतं आणि ऐकून गप्प बसलो होतो. म्हणून लिहितोय.

तेव्हा मी एका शाळेच्या १४ वर्षांखालील संघाबरोबर सहायक होतो. मुख्य प्रशिक्षक माझ्यापेक्षा वयाने आणि मानाने मोठे, पेठेच्या संघातून खेळलेले. आमच्याकडे पोरं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून पेठांचे सामने बघत मोठी होतात, त्यामुळे हरणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

त्या संघात एक हाफ, म्हणजे मधल्या फळीत खेळणारा पोरगा होता. नाव लिहीत नाही, आता तो नोकरीला आहे. जन्म नोव्हेंबरचा. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेल्या पोरापेक्षा हा दहा महिन्यांनी लहान. त्या वयात दहा महिने म्हणजे मिसरूड फुटलेलं आणि न फुटलेलं एवढा फरक. बूट एक नंबर मोठे, पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. पण बॉल यायच्या आधी तो दोनदा मागे बघायचा, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बॉल पायाशी येईपर्यंत कोण कुठं उभं आहे ते त्याला ठाऊक असायचं. एका टचमध्ये वळायचा, की समोर मैदान मोकळं.

जिल्ह्याच्या सेमीफायनलला तो आपल्याच गोलपुढच्या डीसमोर असा वळला. मैदान खडबडीत, बॉल उसळला, समोरच्या फॉरवर्डने काढून घेतला आणि गोल झाला. मध्यंतराला अजून दहा मिनिटं होती. सरांनी तिथल्या तिथे त्याला बाहेर काढलं. “तुला वळायला कुणी सांगितलं रं? बॉल आला की लांब मार म्हणून सांगितलंय न्हवं?” हे सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. कडेला त्याचे वडील उभे होते. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि बुटाची नाडी सोडत-बांधत राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बोललो काहीच नाही, सर ऐकतील म्हणून.

तो सामना आम्ही जिंकला. फायनलही जिंकली, १-०. बेत एकच, गोलकीपरने लांब मारायचा आणि आमच्या धिप्पाड फॉरवर्डने बॉलच्या मागे पळत सुटायचं. मी वहीत टिपत होतो. मधल्या फळीतल्या तिघांच्या मिळून पायाला संपूर्ण सामन्यात बॉल १९ वेळा लागला. तिघांच्या मिळून! हलगी वाजली, गुलाल उधळला, कप प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला.

नुकसान पुढच्या महिन्यात दिसायला लागलं. पोरगा सरावाला रोज यायचा, वेळेच्या आधी यायचा. पण बॉल आला की पहिल्याच टचला लांब. मागे बघणं बंद झालं. वळायचंच नाही, तर बघायचं कशाला? मी त्याला “वळ, वळ” म्हणून ओरडायचो आणि तो सरांच्या तोंडाकडे बघायचा. दहावीनंतर त्याने बूट धाकट्या भावाला देऊन टाकले. सोळाव्या-सतराव्या वर्षी त्याची उंची वाढली, पण तोवर तो मैदानावर नव्हता.

सरांशी मी यावर एकदाच वाद घातला, चहाच्या गाड्यावर. त्यांचं म्हणणं असं: कप आला तरच शाळा मैदान देते, पालक पोरं पाठवतात, वर खेळलं तर दहावीला वाढीव गुण मिळतात. हरणाऱ्या संघाकडं कोण फिरकतंय? आणि शेवटी, “अनिकेत जाधव ह्याच मातीतनं गेला की!” त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. अनिकेत शालेय वयातच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे सरकारी क्रीडा प्रशिक्षण केंद्रात गेला, तिथे घडला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण एका पोराकडे बोट दाखवून बाकीच्या पोरांचा हिशेब मिटत नाही. आणि जो धिप्पाड फॉरवर्ड कप घेऊन आला, त्याचं तरी काय भलं झालं? सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला आले, वेगाला आले. पळण्याखेरीज त्याला आम्ही काही शिकवलंच नव्हतं. तोही सुटला. म्हणजे लहान पोराला आम्ही बसवून घालवलं आणि मोठ्याला खेळवून.

गेल्या वर्षी तो हाफ मला रंकाळ्यावर भेटला. माझ्यापेक्षा उंच. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, “सर, त्या दिवशी मी वळलो ते चुकलं होतं काय?” मी म्हटलं, “नाही. निर्णय बरोबर होता, मैदान खराब होतं.” हे त्याला तेव्हाच, बेंचवर सांगायला हवं होतं.

आता तुमचं. लगेच अकादमी बदलू नका. आधी एक दिवस पूर्ण सराव बघा आणि मुलाच्या पायाला बॉल किती वेळा लागतो ते मोजा. अर्धा वेळ मैदानाला फेऱ्या आणि अर्धा वेळ रांगेत उभं राहणं असेल, तर तिथून निघा, कप कितीही असोत. चार विरुद्ध चार, पाच विरुद्ध पाच असे छोटे सामने होत असतील, तर थांबा. दुसरं, एखाद्याचा बॉल गेला की प्रशिक्षक काय करतात ते बघा. माझ्या मते सगळं यातच आहे. प्रशिक्षकांना “माझ्या मुलाला का खेळवत नाही” असं विचारू नका. “तीन महिन्यांत त्याला काय जमायला हवं” असं विचारा. उत्तरात पुन्हा “अंग” आलं, तर त्यांच्याकडे शिकवायला काही नाही असं समजा. आणि अ संघाच्या बेंचपेक्षा ब संघाचे पूर्ण सामने केव्हाही बरे. पालकांना यात कमीपणा वाटतो. वाटू दे.

क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचलाही हायदुक स्प्लिट क्लबने पोरवयात लहानखुरा म्हणून घेतलं नव्हतं आणि २०१८ चा बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याने नेला, हे तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच. त्यावर विसंबू नका. तो टिकला कारण दुसरीकडे त्याला खेळायला मिळालं.

उंचीसाठी पावडरी आणि जिम आत्ता नको. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने वाढते, पण कुणाची बाराव्याला तर कुणाची सोळाव्याला. ते आपल्या हातात नाही. दाखल्यावरची तारीख बदलून खालच्या गटात घालू, असं कुणी सुचवलं तर त्या माणसाला दारात उभं करू नका. १७ वर्षांखालील स्पर्धांसाठी फिफा २००९ पासून वय पडताळायला मनगटाचा एमआरआय करते. आणि पकडले गेलो नाही तरी, ती जागा दुसऱ्या एखाद्या लहान पोराचीच असते.

एक राहिलं. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखत असेल, तर “वाढीचं दुखणं” म्हणून बर्फ लावून खेळवू नका. आम्ही रसवंतीतून बर्फ आणून तेच करायचो. ऑसगुड-श्लॅटर हा वाढत्या वयातला गुडघ्याचा विकार असू शकतो, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तेवढी विश्रांती द्या. शिवाय मी फक्त मुलांनाच शिकवलंय, मुलींची वाढ लवकर होते, तिथे माझं गणित लावू नका. तुमचे प्रशिक्षक मी पाहिलेले नाहीत, हेही खरं.

मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला आणि तो कोणत्या जागी खेळतो, ते कळवा.