एका लॅबमध्ये तीन एस्पोझितो, आणि नातं कुणाचं कुणाशीच नाही

प्रश्न : माझी मुलगी नेपल्सला रिसर्चसाठी गेली आहे. तिच्या लॅबमध्ये तीन जणांचं आडनाव एस्पोझितो, घरमालकिणीचं एस्पोझितो, कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचंही तेच. हिला वाटलं सगळी भावकी आहे, तसं बोलून दाखवलं तर सगळे हसले आणि म्हणाले आमचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग एवढे एस्पोझितो आले कुठून? आपल्याकडे पाटील, कुलकर्णी हुद्द्यावरून आले तसं काही आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, हुद्दा वगैरे काही नाही, आणि हसले ते बरोबरच हसले. एस्पोझितो हे नेपल्स शहरात आणि आसपासच्या कांपानिया प्रांतात सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे, अख्ख्या इटलीत धरलं तरी पहिल्या पाचात येतं. रोस्सी, रुस्सो, फेरारी ही बाकीची मोठी मंडळी. त्यातले रोस्सी-रुस्सो म्हणजे कुणीतरी लालसर केसांचा पूर्वज, फेरारी म्हणजे लोहार, सरळ हिशेब. एस्पोझितोचा हिशेब मात्र वेगळाच आहे. मूळ लॅटिन शब्द एक्स्पोझितुस, म्हणजे बाहेर ठेवलेला. चर्चच्या किंवा अनाथाश्रमाच्या दारात ठेवून दिलेलं तान्हं बाळ. त्या बाळाला बाप माहीत नाही, आई माहीत नाही, रजिस्टरमध्ये आडनावाच्या रकान्यात काहीतरी लिहायला तर हवं, मग कारकून लिहायचा एस्पोझितो.

आता हे रजिस्टर कुठलं, तर नेपल्समधल्या अनुन्झियाता नावाच्या संस्थेचं. चौदाव्या शतकातली संस्था, चर्च, हॉस्पिटल आणि अनाथाश्रम असं सगळं एकत्र. तिच्या बाहेरच्या भिंतीत एक चाक होतं, रुओता म्हणतात त्याला. चाक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गाडीचं येतं, हे तसं नव्हे. भिंतीत उभं बसवलेलं लाकडी पोकळ पिंप, एका बाजूने उघडं. रस्त्यावरून आलेल्या बाईने बाळ आत ठेवायचं, पिंप फिरवायचं, की उघडी बाजू भिंतीच्या आत जाते, आतली दाई बाळ उचलते, आणि बाहेर कोण होतं हे तिला दिसत नाही, बाहेरच्या बाईलाही आतलं कोणी दिसत नाही. दिवसरात्र चालू. अशी चाकं इटलीभर होती, रोममध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने ती सुरू केली अशी परंपरा सांगतात, कारण म्हणे टायबर नदीत कोळ्यांच्या जाळ्यात तान्ह्या बाळांचे मृतदेह यायचे.

आणि सगळ्या बायका लग्नाआधी आई झालेल्याच असतील असं समजू नका. लग्न झालेलं, चार पोरं असलेलं जोडपं, दुष्काळ पडला, कामधंदा गेला की पाचवं चाकात ठेवायचं, हेही सर्रास व्हायचं. काही जण बाळाच्या गळ्यात खूण अडकवायचे, रिबन, देवाचं चित्र, अर्धं तोडलेलं नाणं किंवा पदक, म्हणजे उद्या दिवस बरे आले तर उरलेला अर्धा भाग दाखवून मूल परत मागता येईल. आतले लोक रजिस्टरमध्ये तारीख, वेळ, अंगावरचे कपडे, खूण सगळं लिहून ठेवायचे. काही मुलं खरंच परत नेली गेली. बरीचशी नाही. आणि दूध पाजायला दाया पुरायच्या नाहीत, आजार पसरायचे, त्यामुळे त्यातली खूप मुलं पहिल्या वर्षातच जायची, हे सांगितलं नाही तर चित्र उगाच गोड होतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. बाकी आडनावं पसरतात ती एका घराण्यातून, एकाचे चार, चाराचे सोळा. एस्पोझितो तसं पसरलंच नाही. शेकडो वर्षं, नुसत्या नेपल्सचीच नाही तर आसपासच्या खेड्यांतूनही आणलेली मुलं, प्रत्येकाला स्वतंत्रपणे तेच आडनाव मिळत गेलं, आणि त्यातले जे मुलगे जगले, लग्नं केली, त्यांनी ते पुढे नेलं. (मुलींकडून ते पुढे गेलं नाही, कारण मुलांना बापाचं आडनाव लागायचं.) म्हणजे एस्पोझितो या आडनावाला मूळ पुरुष असा नाहीच. लॅबमधल्या तिघांचे तीन वेगळे पूर्वज, तीन वेगळ्या रात्री त्या चाकातून आलेले असू शकतात. आपल्याकडे आडनाव ऐकलं की आपण लगेच गाव, जात, कुळ शोधायला लागतो, तो खेळ इथे चालतच नाही, आणि खरं सांगायचं तर मला या आडनावाची तीच गोष्ट सगळ्यात आवडते.

प्रश्न : पण मग हे आडनाव लावायची लाज नाही वाटायची का? बदललं कसं नाही कोणी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वाटायची ना. अनाथ म्हणून जन्मभर कपाळावर शिक्का, पुढे नातवंडांच्याही. म्हणून तर नेपल्सचा राजा जोआकिम म्युरा, हा नेपोलियनचा मेव्हणा, 1808 ते 1815 गादीवर होता, त्याच्या काळात सरकारने हुकूम काढला की सापडलेल्या मुलांना यापुढे एस्पोझितो आडनाव द्यायचं नाही. तेव्हापासून कारकुनांना प्रत्येक मुलासाठी नवीन आडनाव डोक्यातून काढावं लागायला लागलं. विन्चेन्झो जेमितो या शिल्पकाराचं उदाहरण बघा. 1852 मध्ये जन्मला आणि लगेच अनुन्झियाताच्या चाकात ठेवला गेला. कारकुनाने आडनाव दिलं जेनितो, म्हणजे नुसतं जन्मलेला, काय डोकं चालवलंय बघा, आणि लिहिताना अक्षर चुकलं म्हणून झालं जेमितो. तेच आडनाव घेऊन तो युरोपात नावाजला, 1877 ला पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या कोळ्याच्या पोराच्या पुतळ्यासमोर गर्दी झाली, आणि नेपल्सच्या राजवाड्याच्या दर्शनी भिंतीत पाचव्या चार्ल्स बादशहाचा जो पुतळा आहे तोही त्याचाच.

पण म्युराचा हुकूम निघेपर्यंत उशीर झाला होता. ज्यांना आधीच एस्पोझितो लागलं होतं त्यांची पोरंबाळं, नातवंडं इतकी झाली होती की आडनाव शहरभर झालेलं. आणि एखादी गोष्ट इतकी कॉमन झाली की तिची लाज कोण कुणाला काढणार? शेजारी एस्पोझितो, मास्तर एस्पोझितो, पोलीसही एस्पोझितो. शिवाय नेपल्समध्ये या मुलांना मदोनाची लेकरं म्हणायचे, म्हणजे मरियामाऊलीची, त्यामुळे नुसता तिरस्कारच होता असंही नाही, दोन्ही एकदम होतं. चाक स्वतः 1875 मध्ये बंद झालं. त्यानंतरही संस्था मुलं घ्यायची, फक्त गुपचूप ठेवून जाण्याची सोय गेली.

बाय द वे पिझ्झावाले वाचक ओळखतील, 1889 ला राणी मार्गेरिता नेपल्सला आली तेव्हा टोमॅटो, मोझरेला, बेसिल घालून तिच्यासाठी पिझ्झा केला असं ज्याच्याबद्दल सांगतात तो राफाएले एस्पोझितो. गोष्ट कितपत खरी यावर इतिहासवाले भांडतात, पण गोष्ट रचायची तरी नेपल्सच्या माणसाला याहून नेपल्सचं आडनाव मिळालं नसतं.

प्रश्न : बाकीच्या इटलीत काय करायचे? तिथेही एस्पोझितोच का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, प्रत्येक शहराची आपली पद्धत. बोलोन्याकडे देल्यी एस्पोस्ती, म्हणजे बाहेर ठेवलेल्यांपैकी. रोम आणि उंब्रियात प्रोयेत्ती, म्हणजे टाकून दिलेला, हे जरा जास्तच झालं असं मला वाटतं, तरी रोमचा लाडका नट जीजी प्रोयेत्ती त्याच आडनावाचा होता आणि कोणाच्या मनातही काही आलं नसेल. सिसिलीत त्रोव्हातो, सापडलेला.

फ्लॉरेन्सची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. तिथे रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने खास सोडलेल्या मुलांसाठीच इमारत बांधायला घेतली, 1419 मध्ये, आर्किटेक्ट ब्रुनेलेस्की, तोच ज्याने तिथल्या कॅथेड्रलचा घुमट बांधला. नाव ठेवलं इनोचेन्ती, म्हणजे निष्पाप. पहिलं मूल आलं 5 फेब्रुवारी 1445 ला, मुलगी होती, सेंट आगाथाचा दिवस म्हणून तिचं नाव आगाता. तिथून जी आडनावं निघाली ती इनोचेन्ती, नोचेन्तिनी, देग्लिनोचेन्ती. आता तिथे म्युझियम आहे आणि ती अर्धी तोडलेली पदकं, मणी, चिंध्या सगळ्या छोट्या छोट्या ड्रॉवरमध्ये मांडून ठेवल्यात, फ्लॉरेन्सला गेलात तर मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याच्या रांगेत उभं राहण्याआधी इथे जा असा माझा सल्ला, चालत पाच-दहा मिनिटं आहे.

आणि इनोचेन्ती हे नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांनी न ऐकता वापरलंय. लॅम्ब्रेटा स्कूटर आठवते? ती काढणारा फेर्दिनान्दो इनोचेन्ती, 1947 ला मिलानच्या लाम्ब्राते भागात पहिली लॅम्ब्रेटा निघाली, आणि पुढे मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया (एपीआय) ही कंपनी ती बनवायची. त्याच्या घराण्यात कोणी फ्लॉरेन्सच्या आश्रमातला होता असा दावा मी करत नाही, आडनाव त्या जातकुळीतलं आहे एवढंच.

मिलानमध्ये कोलोम्बो. कोलोम्बो म्हणजे कबुतर, तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या चिन्हावर कबुतर होतं, म्हणून तिथल्या सोडलेल्या मुलांना ते आडनाव देत. पण इथे सावध. प्रत्येक कोलोम्बो काही अनाथाचा वंशज नाही, कबुतरं पाळणारा, कोणाचं टोपणनाव, अशा कितीतरी वाटांनी ते आडनाव आलंय. अमेरिकेला पोचलेला कोलंबस, इटालियनमध्ये त्याचंही आडनाव कोलोम्बोच, हा जिनोव्हाच्या विणकराचा मुलगा, बापाचं नाव-गाव सगळं नोंदलेलं, त्याचा मिलानच्या हॉस्पिटलशी काडीचा संबंध नाही.

प्रश्न : ऑनलाइन एका साइटवर एस्पोझितो घराण्याचं राजचिन्ह, ढाल-तलवारवालं, फ्रेम करून विकायला आहे. माझा जावई अमेरिकेत वाढलेला इटालियन आहे, आडनाव हेच, वाढदिवसाला द्यावं का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : काका, पैसे वाचवा. वर सांगितलं तसं, ज्या आडनावाला एक घराणंच नाही त्याचं एक राजचिन्ह कुठून येणार. आणि मुळात राजचिन्ह आडनावाला नसतं, एखाद्या ठरावीक कुटुंबाला असतं. एखाद्या एस्पोझितो कुटुंबाने पुढे मानमरातब मिळवून चिन्ह घेतलं असेलही, पण ते त्यांचं, तुमच्या जावयाचं नव्हे. त्यापेक्षा त्याच्या आजोबा-पणजोबांचं गाव कुठलं ते विचारा. नेपल्स, सोरेंतो, सालेर्नो, काहीतरी निघेल. इटलीत कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने 1563 मध्ये चर्चना बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायला सांगितल्या, त्यामुळे गावाचं नाव कळलं की पिढ्या मागे मागे जाता येतं, आणि पुष्कळ सरकारी जन्म-मृत्यू नोंदी आता इटलीच्या अभिलेखागारांनी स्कॅन करून फुकट टाकल्यात. फक्त एस्पोझितोंच्या बाबतीत हा रस्ता कधीतरी चाकापाशी येऊन थांबतो, हे जावयाला आधीच सांगून ठेवा नाहीतर हिरमोड होईल. काही जणांना ते कळल्यावर आवडतही नाही, तेव्हा वाढदिवसाच्या दिवशी विषय काढूच नका.

प्रश्न : उच्चार एस्पोझितो की एस्पोसितो? आणि लग्नानंतर तिकडच्या बायका आडनाव बदलतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पुस्तकी इटालियनमध्ये झ, पण नेपल्सच्या लोकांच्या तोंडी स ऐकू येतो, दोन्ही चालतं. जोर मात्र पो वर द्यायचा. अमेरिकेत तो पुढे ढकलून सी वर देतात, एस्पोसीटो, ते ऐकून नेपल्सचा माणूस डोळे फिरवतो. हॉलिवूडचा नट जियानकार्लो एस्पोझितो, त्याचे वडील नेपल्सचेच, पण त्याच्या नावाचेही उच्चार हवे तसे करतात लोक.

बायका आडनाव बदलत नाहीत. कागदोपत्री जन्मभर माहेरचंच राहतं. मुलांना मात्र आपोआप बापाचं लागायचं, ते 2022 मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने रद्द केलं, आता दोघांची आडनावं लागतात, आई-बाप दोघांचं पटलं तर कुठलंही एकच. म्हणजे यापुढे एस्पोझितो बाईची पोरंही एस्पोझितो लावू शकतात, नेपल्समध्ये आणखी गर्दी होणार.

प्रश्न : श्रीलंकेतलं कोलंबो आणि ते कबुतरवालं कोलोम्बो एकच का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही. तिथलं मूळ नाव सिंहली, ते पोर्तुगीजांनी आपल्या जिभेला सोयीचं करून घेतलं. कबुतराचा काही संबंध नाही.