पाचारण, बोलावणे आणि पाळकाचा ‘ळ’

नागपूरच्या एका वाचकाने विचारले आहे : सदर भागात राहणाऱ्या ख्रिस्ती स्नेह्याच्या मुलाच्या दीक्षाविधीची पत्रिका आली असून तीत ‘देवाचे पाचारण स्वीकारून पाळकपदाची दीक्षा घेत आहे’ असे वाक्य आहे (पाळक म्हणजे चर्चचा धर्मसेवक). पाचारण तर आग लागल्यावर अग्निशमन दलाला करतात; मग येथे ‘बोलावणे’ किंवा ‘आवाहन’ का नाही? ‘पाळक’ हा ‘पालक’चा मुद्रणदोष आहे का? आणि शुभेच्छापत्रात ‘आध्यात्मिक नेतृत्वाबद्दल अभिनंदन’ असे लिहिले तर चालेल का?

‘बोलावणे’ का नाही, हे आपल्याच बोलण्यातून कळते. ‘त्यांना देवाचे बोलावणे आले’ असे कोणी सांगितले, तर ऐकणारा अंत्ययात्रा किती वाजता आहे ते विचारतो. मराठीने हा वाक्प्रचार मृत्यूसाठी राखून ठेवला आहे, त्यामुळे पंचविशीतल्या तरुणाच्या पत्रिकेवर तो छापला तर अनर्थ व्हायचा. ‘आवाहन’ची अडचण वेगळी आहे. षोडशोपचार पूजेत आवाहन हा आरंभीचा उपचार; त्यात माणूस देवाला बोलावतो आणि येथे तर देवाने माणसाला बोलावले आहे, म्हणजे दिशाच उलटी झाली. शिवाय आजचे आवाहन रक्तदानासाठी किंवा पाणी जपून वापरण्यासाठी सर्वांना मिळून केले जाते, त्यात कोणा एकाचे नाव नसते. ‘निमंत्रण’ तर ‘जमणार नाही, क्षमस्व’ एवढे म्हणून नाकारता येते.

‘पाचारण’ दिसायला संस्कृत असले तरी ते जुन्या मराठीतल्या ‘पाचारणे’ या क्रियापदावरून आलेले आहे. हेमचंद्र या जैन पंडिताच्या प्राकृत व्याकरणात ‘पच्चार’ हा धातू ठपका ठेवणे या अर्थाने नोंदलेला आहे. मराठीत ठपका गळून हाक उरली, असे मानायला मला हरकत दिसत नाही. ही हाक अधिकार असलेल्याची असते, नेमक्या कामासाठी असते आणि ती आली की हातातले काम टाकून निघावे लागते. वर्तमानपत्रातल्या अग्निशमन दलाच्या पाचारणात हे तिन्ही अर्थ आहेत, म्हणून तो वापर पत्रिकेतल्या वापराचा सख्खा भाऊच म्हणायचा.

फरक आहे तो क्रियापदात. दलाला पाचारण केले जाते; ख्रिस्ती मराठीत मात्र ‘मला पाचारण झाले’ असे म्हणतात. अनुग्रह झाला, दृष्टांत झाला, साक्षात्कार झाला, या आपल्या जुन्या रांगेत हा प्रयोग सहज बसतो, कारण त्यात ‘मला’ आहे, ‘मी’ नाही. दीक्षा घेता येते, पाचारण घेता येत नाही, ते व्हावे लागते. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरातही येशूचा प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो तेथे ‘पाचारण’ आहे आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आरंभी तोच पौल स्वतःला प्रेषित होण्यास ‘बोलावलेला’ म्हणवतो. दोन्हींमागे ‘कालेओ’ या एकाच ग्रीक धातूची रूपे आहेत. भाषांतरकारांनी एके ठिकाणी घरगुती शब्द ठेवला आणि दुसऱ्या ठिकाणी भारदस्त शब्द निवडला, हे मला त्यांच्या कानाचे लक्षण वाटते.

परंतु झालेले पाचारण खरे कशावरून? बायबलातल्या शमुवेलाच्या कथेत मंदिरात निजलेल्या पोराला तीनदा नावाने हाक ऐकू येते आणि तीनही वेळा तो वृद्ध याजक एलीकडे धावत जातो. हाक देवाची आहे हे तिसऱ्या खेपेस ओळखतो तो एली, शमुवेल नव्हे. ख्रिस्ती परंपरेत म्हणूनच अंतरीच्या हाकेला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, संमतीची जोड लागते. या संमतीवरून स्कॉटलंडमध्ये १८४३ साली चर्च दुभंगले. गावच्या जमीनदाराने नेमलेला पाळक मंडळीने नको म्हटले तरी स्वीकारावा का, असा तो वाद होता आणि चारशेहून अधिक पाळक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले. त्यांनी स्थापलेल्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. पुढे १८८३ साली निघालेल्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचेच नाव आहे. लेखनात मी तरी हा भेद पाळतो : देवाचे ते पाचारण, मंडळीचे ते बोलावणे.

आता ‘पाळक’. हा मुद्रणदोष मुळीच नाही, आणि मी हे लाज गिळून सांगतो आहे. एका चर्चच्या स्मरणिकेची मुद्रिते तपासताना मी मोठ्या आत्मविश्वासाने प्रत्येक ‘पाळक’चा ‘पालक’ केला होता. वृद्ध पाळकसाहेबांनी मुद्रिते परत पाठवली, तेव्हा प्रत्येक ‘ल’भोवती तांबडे वर्तुळ होते आणि समासात लिहिले होते, ‘आम्ही शाळेची फी भरत नाही, मेंढरे राखतो.’ मूळ शब्द एकच आहे. ‘पालक’ संस्कृतातून जसाच्या तसा आला आणि घरी गेला, ‘पाळक’ पाळणे या क्रियापदाच्या वळणाने ‘ळ’ घेऊन रानात गेला. लॅटिनमध्येही ‘पास्टर’ म्हणजे मेंढपाळच. मराठी बायबलात येशू स्वतःला ‘मेंढपाळ’ म्हणवतो आणि मंडळीच्या सेवकाला ‘पाळक’ म्हटले जाते. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘पोइमेन’ असताना मराठीने येथे धनी आणि त्याचा राखणदार यांच्यात अंतर ठेवले आहे. (कॅथलिक मंडळी ‘पाळक’पेक्षा ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’ म्हणतात आणि दीक्षेला ‘गुरुदीक्षा’. त्यांच्या पाठशाळेवरून आपल्या सेमिनरी हिल्सला नाव मिळाले. ‘सेमिनरी’चा मूळ लॅटिन अर्थ रोपवाटिका.)

राहिले शुभेच्छापत्र. ‘आध्यात्मिक नेतृत्व’ व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे, पण ‘नेता’ म्हटले की नागपूरकराला हिवाळी अधिवेशन आणि चौकातले फलक आठवतात. नव्या करारात मंडळीतल्या पदांची नावे याहून साधी आहेत : बिशप या शब्दाचे मूळ ‘देखरेख करणारा’ असे आहे, प्रेस्बिटर म्हणजे वडील आणि डीकन म्हणजे सेवक. १९७० साली नागपुरातच स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ही तिन्ही पदे आजही याच नावांनी आहेत. ‘अभिनंदन’ही मी टाळले असते, कारण पाचारण ही स्पर्धेत मिळवलेली जागा नव्हे. ‘आपल्या पाळकीय सेवेस मनःपूर्वक शुभेच्छा’ असे लिहावे आणि पत्र टपालात टाकण्यापूर्वी ‘ळ’ तेवढा एकदा तपासून घ्यावा.