हप्ता झेपत नाही. 'पुढचे हप्ते तू भर' म्हणून कार मित्राला देऊन टाकली तर चालेल का?
अजिबात देऊ नका. कर्ज तुमच्या नावावर आहे, आरसीवरही तुमचंच नाव आहे. त्याने हप्ता चुकवला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून ठरणारा स्कोअर, तुमचा बिघडणार. विमा संपलेला असताना अपघात झाला, तर भरपाईही तुमच्याच गळ्यात. 'गाडी मी केव्हाच विकली' म्हणून सुटका होत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

आधी बँकेकडून फोरक्लोजर स्टेटमेंट घ्या. बाकी मुद्दल, व्याज, मुदतीआधी कर्ज बंद करण्याचं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, सगळं त्यात दिसेल. मित्राने तेवढी रक्कम थेट तुमच्या कर्जखात्यात भरावी, वरची तुम्हाला द्यावी. गाडीची किंमत कर्जापेक्षा कमी येत असेल तर फरक तुम्हालाच भरावा लागेल. जिवावर येईल, पण माझ्या मते दर महिन्याच्या ओढाताणीपेक्षा ते बरं.

मग बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ वर आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवा, फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी त्याच्या नावावर करा. विमाही त्याच्या नावावर करा. कोऱ्या फॉर्मवर सही मात्र कुणालाच देऊ नका, मित्र कितीही जवळचा असला तरी.